मेनूतून उडालेले पत्ते

देवेश परबने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आपलंच राज्य आलं, असं त्याला वाटू लागलं. मेनूत कोणी दिसायचं, कुठली फाईल कशात उघडायची, सगळं आपल्या हातात! त्याच तोऱ्यात त्याने वडिलांचा पत्त्यांचा खेळ मेनूतून उडवला. गिरणीतून निवृत्त झालेले वडील, सीताराम, दिवसभर तोच खेळत बसत आणि खुर्ची काही सोडत नसत.

"माझे पत्ते खंय गेले?"

"लपवले, बाबा. ही टिक काढली की नाव गायब. आणि इथे ठरवायचं, फाईलवर क्लिक केलं की काय उघडणार. एकदम सोप्पं!"

सीताराम चष्मा लावून जवळ सरकले.

"ते गप्प बसलेत," बायको अनुपमा कुजबुजली. "तुझी वाट लागली, देवेश."

सोमवारी देवेश घरूनच, त्याच कॉम्प्युटरवर ऑफिसच्या मीटिंगला बसला. सगळ्या ऑफिसात लिनक्स आणायचं, हे त्याच्या बॉस मीरा मॅडमना पटलं तर तो टीम लीडर होणार होता. मॅडमना शंका एकच होती: अकाउंट्सच्या जुन्या मंडळींना ते जमेल का?

"दाखवतोच," म्हणत देवेशने स्क्रीन शेअर केली आणि प्रेझेंटेशनवर क्लिक केलं. पत्त्यांचा डाव उघडला. घाईघाईत पुन्हा क्लिक केलं, दुसरा डाव उघडला. मेनूत गेला, तर प्रेझेंटेशनचं सॉफ्टवेअरच बेपत्ता आणि सगळ्यात वर पत्ते!

"बाबा! काय केलंत हे?" माइक चालू आहे याचं भान त्याला उरलं नाही.

"टिक काढलंय," आतून आवाज आला. "तूच शिकवलंस मां?"

"लावा ना परत, प्लीज!"

"आधी माझे पत्ते कबूल कर."

"दिले! कायमचे दिले!"

सीताराम बनियनवरच कॅमेऱ्यासमोर आले आणि खटाखट क्लिक करून, स्लाइड आणून देऊन गेले. मीटिंगमध्ये कोणी हसायचंही धाडस करेना.

"देवेश, हे तुमच्या वडिलांनी स्वतः केलं?" मॅडमनी विचारलं. "शिकवलं कोणी?"

"मीच. म्हणजे... एकदाच. त्यांना गप्प करायला."

"मग आपल्या लोकांना नक्की जमेल. लिनक्स मंजूर!"

देवेशचा चेहरा उजळला. "म्हणजे मॅडम, टीम लीडर..."

"ते बघू. आधी ट्रेनिंग. पण तुम्ही नको, वडिलांना पाठवा."

देवेशने पडेल आवाजात निरोप आत पोचवला.

"सांग तेंका," सीताराम म्हणाले, "दुपारी जमाचा नाय. दुपारी माझो डाव असता. आणि तू ऊठ आता खुर्चीवरसून."