मिरची कांडपाची जनसुनावणी

धावड्याच्या झुंबरबाईंचा उजवा खांदा अठ्ठ्याण्णव सालच्या संक्रांतीनंतर वर जाईनासा झाला. एकवीस वर्षे त्यांनी अर्ध्या गावाची मिरची उखळात कांडली होती. यापुढे हे काम करण्यास खांद्याने स्पष्ट नकार दिला. म्हणून त्यांनी आणि त्यांचे मालक कडूबा यांनी विजेवर चालणारे मिरची कांडप यंत्र आणले, घराशेजारी पत्र्याच्या शेडात बसवले आणि वीजजोडणीसाठी रीतसर अर्ज लिहायला घेतला. इथपर्यंत सगळे ठीक होते.

अर्जावर ‘प्रकल्पाचा प्रकार’ असे लिहून पुढे तीन चौकोन छापले होते : शेती, उद्योग, वने. झुंबरबाईंनी ग्रामसेवक देवानंदला विचारले.

“मिरची कुठं पिकती, काकू?”

“वावरात.”

“मंग शेतीवर खूण करा. यंत्र हाये म्हंजे उद्योग झाला. अन् शेडाचे खांब कशाचे?”

“कडुलिंबाचे.”

“झालं की मंग, वनं! एक बी चौकोन रिकामा ठेवू नका. रिकामा ठेवला की अर्ज वापस येतो.”

तिन्ही चौकोन भरलेला अर्ज जालन्याच्या ‘पर्यावरणीय परिणाम पडताळणी कक्षा’त पोचला, तेव्हा तिथे धावपळ उडाली. मागे एका धरणाचा अर्ज आला होता, त्यालासुद्धा दोनच खुणा होत्या. शेती, उद्योग आणि वने यांवर एकाच वेळी घाला घालणारा हा जिल्ह्यातला पहिलाच प्रकल्प होता. निरीक्षक भुजंगराव चौसष्ट पानी प्रपत्र आणि आवाज मोजायचे यंत्र घेऊन धावड्याला आले.

शेडात कोपऱ्यात एक कोंबडी खुडूक बसली होती. भुजंगरावांनी वाकून पाहिले आणि पान नववे उघडले.

“प्रकल्पक्षेत्रात राहणारी कुटुंबे, एक,” ते मोठ्याने म्हणत लिहू लागले. “कुटुंबप्रमुख स्त्री. अंडी किती?”

“बारा.”

“एकूण सदस्य तेरा. पैकी बारा अद्याप जन्मायचे. पुनर्वसन केल्याशिवाय यांना हलवता येणार नाही.”

“आवं सायेब, डाल्याखाली ठिवते ना तिला.”

“डाले हे पर्यायी निवासस्थान ठरते का, हे वरून विचारावे लागेल.”

मग आवाजाची पाळी आली. यंत्र लागण्याआधी गावात किती आवाज असतो, तेही नोंदवायचे होते. भुजंगरावांनी काटा शून्यावर आणला, तेवढ्यात शेजाऱ्याची म्हैस अंगणात शिरली आणि झुंबरबाईंच्या सासूबाई केशरबाई तिच्यावर ओरडल्या. काटा थरथरत टोकाला जाऊन टेकला. कांडप यंत्राचा आवाज कंपनीच्या कागदावर लिहिला होता, तो यापेक्षा कमी भरला.

“मग तर बरंच झालं,” कडूबा म्हणाले.

“बरं कसं? यंत्र सुरू झालं की आजींचं नीट ऐकू यायचं नाही. म्हणजे गावाचा पारंपरिक आवाज बाधित होतो.”

“माझं तोंड कोण मोजून राह्यलं रं?” केशरबाईंनी घरातून विचारले. काटा निखळून खाली पडला. भुजंगरावांनी तो उचलून लिफाफ्यात घातला आणि वर ‘पुरावा’ असे लिहिले.

शेवटी धूळ राहिली. “यंत्र चालवा, म्हणजे मोजतो.”

“वीज द्या, चालवते.”

“परवानगीशिवाय वीज नाही.”

“मंग परवानगी द्या.”

“धूळ मोजल्याशिवाय परवानगी कशी देणार?”

झुंबरबाई खांदा चोळत खाली टेकल्या. भुजंगराव मनाने वाईट नव्हते. “तुमचं बिलकुल बरोबर आहे, बाई,” ते हळूच म्हणाले. “अशा वेळेसाठीच जनसुनावणी ठेवलेली असते.”

जनसुनावणीची दवंडी फिरली. शब्द अवघड होते, त्यामुळे गाव उठवणार आहेत असे समजून झाडून सगळे आले. मारुतीच्या पारासमोर मंडप पडला. जिल्ह्याहून पाच तज्ज्ञांची समिती आली. तिच्या पाठीमागे जनरेटरवर चालणारा, माणसाच्या उंचीचा पंखा लावला होता.

“धूळ पाहिल्याशिवाय समितीला मत बनवता येणार नाही,” अध्यक्ष म्हणाले.

झुंबरबाई उठल्या. “यंत्र न्हाई तर न्हाई. हातानं कांडून दावते.”

उखळ मंडपात आले. त्यात लवंगी मिरची पडली. झुंबरबाईंनी डाव्या हाताने मुसळ उचलले आणि चांगले पंचवीस-तीस घाव घातले. पंख्याने मिरचीचा उडेल तो कण समोर बसलेल्या गावाकडे नेला. पहिली शिंक सरपंचांना आली, मग रांगेने सगळ्यांना. मग कोणीतरी “पंखा फिरवा!” म्हणून ओरडले, कोणीतरी तो फिरवला, आणि उरलेली मिरची समितीला पोचली.

नियमानुसार, उपस्थितांच्या तोंडून निघणारी प्रत्येक प्रतिक्रिया नोंदवणे बंधनकारक होते. भुजंगराव एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने उभ्या रेघा मारत राहिले. शेजारचे कारभारी मुद्दाम बाजू घ्यायला उभे राहिले होते. “बाईला परवानगी द्या,” ते म्हणाले, “त्यांचा खांदा गेला, आन् आम्हाला... हाऽऽक्छीं!” इतिवृत्तात आले : ‘प्रथम पाठिंबा, नंतर तीव्र हरकत.’ एकूण हरकती चारशे बारा. त्यांपैकी एकोणीस खुद्द अध्यक्षांच्या. ‘महिलांना अश्रू अनावर झाले,’ असा स्वतंत्र परिच्छेद होता. त्या महिलांमध्ये झुंबरबाईही होत्या, पण त्यांना मिरचीची सवय होती. त्या खरोखर रडत होत्या.

समिती मात्र निर्दय नव्हती. तिने सशर्त परवानगी दिली. वीज आली. अटी एकूण तेवीस होत्या, त्यांतली मुख्य अट अशी की यंत्र चालू असताना गावात माणूस असता कामा नये. कोंबडीची पिल्ले तोवर मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली होती, तरी पुनर्वसनाची अट कायम होती.

झुंबरबाईंनी अंगारकीपर्यंत वाट पाहिली. त्या दिवशी सारे धावडा राजूरच्या गणपतीला गेले. केशरबाईंनाही बैलगाडीत बसवून दिले. झुंबरबाईंनी शेडात जाऊन हळद-कुंकू वाहिले, बटण दाबले, आणि यंत्र असे गोड घुमू लागले की त्यांचा खांदा दुखायचा थांबला. थोड्या वेळाने त्यांच्या ध्यानात आले की कांडायला मिरचीच नाही. मिरचीवाले सगळे राजूरला होते. त्यांनी पाऊण तास यंत्र रिकामे फिरवले, डोळे भरून बघितले आणि बंद केले.

चार महिन्यांनी भुजंगराव अटींची तपासणी करायला आले. झुंबरबाई उखळाशी बसून डाव्या हाताने मिरची कांडत होत्या. हाताने कांडायला कोणतीच परवानगी लागत नाही, अशी नोंद भुजंगरावांनी समाधानाने केली. मग त्यांना जी खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. झुंबरबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“मिरचीनं झालं का, भाऊ?”

“न्हाई बाई. मिरची बरी.” भुजंगराव कार्यालयाची भाषा विसरले होते. “आमच्या कॉलनीजवळ रंगाचा कारखाना झाला. तुमची सुनावणी झाली, अन् समिती त्याच पावली तिकडं गेल्ती. कारखान्याच्या पाण्याला वास येतो का, ते हुंगायचं व्हतं. पाची जणांची नाकं बंद. वास येत न्हाई म्हणून पाची जणांनी सही केली. आता नाला एक दिवस हिरवा वाहतो, एक दिवस जांभळा.”

“तिथं सुनावणी न्हाई का झाली?”

“झाली ना. मंडप व्हता, पंखा व्हता, दोनशे खुर्च्या व्हत्या. माणूस एक बी न्हाई. हरकती शून्य.”

“आगं बाई! कोण राहतं तिथं?”

“सगळे शिकलेले. प्राध्यापक, वकील, आमच्यासारखे हापिसातले.”

“मंग त्यांना कोणी सांगितलंच न्हाई व्हय?”

“तीन पेपरांत सुनावणीची तारीख छापून आल्ती. अन् खाली ‘नाल्याला रंग आल्याने परिसराच्या सौंदर्यात भर पडेल,’ असं.”

झुंबरबाईंनी मुसळ बाजूला ठेवले. “अन् ते वाचलं न्हाई कुणी?”

“वाचलं ना,” भुजंगराव तोंड पुसत म्हणाले. “सगळ्यांनी वाचलं. लई हसले. मंग पान उलटलं.”