केशवर्धक तेलाची आणि नीतिनविसाच्या डोईची हकीकत

श्री एकदंत रक्षण करो, लिहिणाराचा हात आणि वाचणाराची शेंडी शाबूत ठेवो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुख नाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी एक दौलत होती, तिचे नाव लिहावयास हुकूम नाही. तेथील हुजूर मोठे प्रतापी, परंतु लढाईची दगदग सोसवेना, म्हणोन तलवार खुंटीस लाविली आणि केशवर्धक तेलाचा कारखाना काढिला, आणि सरदारांस भागीदार करून घेतले, आणि तेल देशोदेशी खपो लागले. मग हुजुरांचे मनात आले की, नफा तर जाहला, आता अब्रूही हवी. सबब नीतिखाते म्हणोन नवे खाते स्थापिले आणि त्यात तीन शास्त्री भरघोस वेतनावर ठेविले. परिणामशास्त्री म्हणत, ज्या कृत्याने पुष्कळांस सुख होते ते कृत्य चांगले. कर्तव्यशास्त्री म्हणत, सुख चुलीत जावो, नियम मोडू नये आणि खोटे बोलू नये. सद्गुणशास्त्री म्हणत, कृत्य काय पाहता, करणारा माणूस कैसा आहे ते पाहा. तिघांवर येसोपंत नीतिनवीस नेमिले. तिघांचे ऐकावे आणि तेलाच्या बुधल्यावर 'नीतीस धरून' ऐसी मुद्रा उठवावी, इतकेच त्यांचे काम. येसोपंत मनाचे भले, परंतु जेवणानंतर डुलकी लागे, आणि शास्त्री बहुधा जेवणानंतरच बोलत.

पुढे सरदारांस नफा थोडा वाटो लागला. मग तिळाचे तेल बंद करून कसलासा स्वस्त अर्क घालो लागले, आणि रयतेचे केस वाढावयाचे ते गळो लागले. बायाबापड्या पदर घट्ट ओढून कारखान्याच्या दारी येऊन रडल्या. येसोपंतांची झोप उडाली. त्यांणी शास्त्र्यांस विचारिले, "महाराज, आता कैसे?" परिणामशास्त्री बोलिले, "केस गळेपर्यंत लावणारास आशा किती वाटते! ती सुखात धरा. शिवाय पगडीवाल्यांस बरकत आली, ते सुख निराळे." कर्तव्यशास्त्री बोलिले, "बुधल्यावर केशवर्धक लिहिले आहे. कोणाचे केस, ते लिहिले नाही. सबब असत्य नाही." सद्गुणशास्त्री बोलिले, "हुजुरांनी मजला शालजोडी दिली. ऐसा उदार पुरुष वाईट तेल करीलच कैसा?" हुजुरांसही दया आली. आज्ञा जाहली की, टक्कल पडलेल्यांस फुकट टोप्या वाटाव्या आणि टोपीवर आमचे नाव ठळक विणावे. तेणेकरून हुजुरांचा मोठा लौकिक जाहला. येसोपंतांचे मन मानेना, तरी नोकरीस भिऊन मुद्रा उठवीतच राहिले.

वैशाखात त्यांची कन्या दुर्गा इचे लग्न ठरले होते. एके दिवशी घरी येतात तो त्यांचे कुटुंब अंबाबाई मुलीचे गुडघ्याइतके केस सोडून बसल्या आहेत आणि वाटीत तेल कोमट केले आहे. बाई वाटीत बोटे बुडविणार, तो पंतांनी धावोन वाटी हिसकाविली आणि अंगणात फेकिली. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय! कारखान्याचेच तेल आहे, तुमची मुद्रा पाहून आणले."

"म्हणोनच लावू नको."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हांस ठाऊक होते? आणि शेजारची भागी कालच बुधला घेऊन गेली, ती मला विचारून. मी म्हटले, आमच्या घरची मुद्रा आहे, बिनघोर लाव." दुर्गा केस गोळा करून आत गेली. पंत तसेच भागीच्या दारी गेले आणि बुधला परत मागितला. ती म्हणाली, "भाऊजी, सकाळीच लावले की!" पंतांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले.

दुसरे दिवशी दरबार भरला. येसोपंत बुधला घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हुजूर, तेल नीतीचे आहे ऐसे सारे म्हणतात. तर जे म्हणतात त्यांणी ते लावावे." सरदार भिंतीकडे पाहो लागले. परिणामशास्त्री म्हणाले, "माझ्या एकट्याच्या टकलाने जगाचे सुख ते काय वाढणार?" कर्तव्यशास्त्री म्हणाले, "आपल्या देहास अपाय न करणे हेही कर्तव्यच आहे." सद्गुणशास्त्री म्हणाले, "भित्रेपणा आणि अविचार यांचा मध्य ते धैर्य. येथे मध्य म्हणजे मागे सरणे." हुजूर हसोन बोलिले, "पंत, मुद्रा तुमची. पहिले डोके तुमचेच." पंतांनी पागोटे उतरविले. केस दाट होते आणि त्यांचा त्यांस अभिमानही होता. तरी सारे तेल डोईवर ओतिले आणि मग बुधल्याचे तोंड हुजुरांचे मिशांपुढे धरिले. हुजुरांचे दोन्ही हात आपोआप मिशांवर गेले. दरबार पाहत राहिला. दारी उभ्या रयतेनेही पाहिले, आणि सांजवेळेच्या आत बाजारपेठेत एक बुधला खपेना.

मग येसोपंतांस बेअदबीबद्दल दूर केले. त्यांचे केस गेले ते गेलेच, आणि कन्येचे लग्नात बोडक्या व्याह्यास पाहून वऱ्हाडी हसले. परंतु भागी डोईवर रुमाल बांधोन वाढावयास आली आणि पंतांचे पानावर आपण होऊन जिलबी वाढिली, तेव्हा पंतांस रडू आले.

कारखान्यात तेलाचे रांजण तुंबून राहिले. तेव्हा हुजुरांनी बुधल्यांवर 'केस काढावयाचे तेल' ऐसे लिहविले, आणि ते पहिल्याहून तिप्पट खपले. परिणामशास्त्री म्हणाले सुख वाढले, कर्तव्यशास्त्री म्हणाले खरे लिहिले, सद्गुणशास्त्र्यांस दुसरी शालजोडी मिळाली. तात्पर्य, त्या दौलतीत नीती अखेर जिंकली, आणि नफ्याने तिचा सत्कार केला. हकीकत जैसी जाहली तैसी लिहिली आहे. लेखनसीमा.