आढी पुढे गेली

"घरात एक वस्तू मागे राहता कामा नये," असं दिलीपरावांनी सामान बांधणाऱ्या माणसांना तीनदा बजावलं आणि त्या बिचाऱ्यांनी ते फारच मनावर घेतलं. त्यांनी पायपुसणं बांधलं, केरसुणी बांधली, केराची बादली तर केरासकट बांधली. बँकेने दिलीपरावांची बदली नागपूरला केली होती. बागबाजारातल्या या वरच्या मजल्यावर सात उन्हाळे काढून नवरा-बायको आज दुपारच्या गाडीने निघणार होते.

खाली घरमालकीण सुधामाशी, म्हणजे आपल्याकडच्या सुधामावशी, राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर, मुलगा परदेशात, घरात एकट्या. दरवर्षी जूनमध्ये हिमसागर आंबे संपत आले की विजयाताई शेवटच्या आंब्यांचा रस काढायच्या, पुऱ्या तळायच्या आणि माशी वर जेवायला यायच्या. "चांगल्या आंब्याला पिळून मारता तुम्ही लोक!" असं आधी झाडायच्या आणि मग अकरा पुऱ्या खायच्या. माशी बंगालीत बोलत. इथे मराठीत दिलंय, राग मात्र त्यांचाच आहे. परक्या गावात विजयाताईंना त्या एका दुपारी माहेरी आल्यासारखं वाटायचं.

बदलीचा हुकूम आला आणि माशी बोलेनाशा झाल्या. तीन आठवडे जिन्यात तोंड फिरवून जात होत्या. शेवटी विजयाताईंनी त्यांना दारातच गाठलं.

"जाण्याआधी एकदा जेवायला या. तुम्हाला जेवू घातल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही."

माशींनी आधी आपल्या दाराला कुलूप घातलं. मग म्हणाल्या, "येईन."

विजयाताईंनी जवळच्या कुमारटुलीतल्या मूर्तिकाराकडून पेंढा मागून आणला, एका खोक्यात आंब्यांची आढी घातली आणि आंबे फार पिकू नयेत म्हणून खोकं खालच्या जिन्यापाशी गारव्याला ठेवलं. आज सकाळी सातला त्या आंबे काढायला खाली गेल्या, तर तिथे जिना तेवढा होता.

"अहो! आढी कुठंय?"

सामान बांधणाऱ्यांचा मुकादम अदबीने म्हणाला, "वो घासवाला खोका? काँच का सामान था ना? कबका चढ़ गया, मॅडम. आप लोगों ने पॅकिंग बहुत अच्छी की थी."

दिलीपराव यादी घेऊन ट्रकवर चढले. 'काच' असं लिहिलेली चौदा खोकी होती. पहिल्यात केर निघाला. दुसऱ्यात देव निघाले आणि त्यांच्या शेजारी दिलीपरावांच्या चपला. तिसऱ्यात कढई सापडली, तेव्हा त्यांना वाटलं आता जमतंय. तोवर अरुंद गल्लीत ट्रकमागे दोन रिक्षा, एक शाळेची गाडी आणि डोक्यावर टोपली घेतलेला मासेवाला तुंबले होते, आणि समोरच्या गॅलरीतून एक गृहस्थ कुठलं खोकं उघडावं याचा सल्ला देत होते.

"साहब, आठ बजे नो-एंट्री लगेगी," ड्रायव्हर म्हणाला, आणि दिलीपराव उतरतात न उतरतात तोच ट्रक निघाला. ते नुसती कढई घेऊन वर आले.

मग ते बाजारात धावले. हिमसागर संपले होते. तासाभराने ते परतले ते आंब्याच्या सरबताची बाटली घेऊन. विजयाताईंनी त्या बाटलीकडे अशा काही नजरेने पाहिलं, की त्यांनी ती मुकाट्याने पिशवीत परत घातली.

दहा वाजता माशी आल्या. अंगावर इस्त्रीची पांढरी साडी होती. रिकाम्या खोलीत त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या.

"माशी, आज काहीच नाही हो तुम्हाला द्यायला," म्हणताना विजयाताईंना रडू फुटलं.

बायको रडली की दिलीपरावांना कुणावर तरी ओरडावं लागतं. त्यांनी मुकादमाला फोन लावला, तोही स्पीकरवर. "बिना पूछे खोका चढ़ाया कैसे?"

"पूछा था, सर! नीचेवाली माताजी ने ही बोला, काँच है, सबसे पहले चढ़ाओ, एकदम अंदर रखो."

दिलीपरावांनी फोन बंद केला. माशी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या.

"माशी, का हो?" विजयाताईंनी विचारलं.

"तुमच्या आधी इथे मद्राशी होते," माशी हळूच म्हणाल्या. "जाताना मला पोटभर पायसम् घातलं. त्यांच्या आधी ओडिशातले. त्यांनी तर जाताना मला साडीसुद्धा नेसवली. तीस वर्षं तुमच्या बँकेची माणसं इथे येताहेत गं. सगळी मला छान जेवू घालून, समाधानाने गेली. परत कुणी आलं नाही. तू तरी मनाला टोचणी घेऊन जा."

विजयाताईंना जुन्या बदल्यांची गावं आठवली. इंदूर, सेलम, राजकोट. प्रत्येक गावात कुणाकुणाला त्यांनी असंच शेवटचं जेवू घातलं होतं, आणि इंदूरच्या शेजारणीचं तर आता नावही आठवत नव्हतं. त्यांनी माशींच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि मन मोकळं होईतो रडल्या. दिलीपराव खिडकीपाशी जाऊन उगीचच गल्ली बघत राहिले.

"पुऱ्या तरी तळते," थोड्या वेळाने विजयाताई म्हणाल्या. "कढई आहे."

"मुळीच नाही," माशी म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

टॅक्सीत बसताना विजयाताईंनी वळून पाहिलं. माशी दारात उभ्या होत्या आणि दुसरीकडे बघत होत्या. टॅक्सी गल्लीबाहेर पडली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते आणि माशी अजून जेवल्या नव्हत्या.