एलेओदोरोचा मोकळा हात

नव्या कीबोर्डमुळे आपला एक हात कायम मोकळा राहील, असं एलेओदोरोने बायकोला सांगितलं तेव्हा तो खोटं बोलला नाही. त्याने फक्त माऊसचा विषय काढला नाही.

“एका हाताचा कीबोर्ड,” सोराइदाने कांदा चिरता चिरता विचारलं, “म्हणजे अर्धाच?”

“अर्धाच. खेळणाऱ्यांसाठी मुद्दाम बनवतात. बाकीची बटणं आम्हाला लागतच नाहीत.”

“आणि दुसरा हात?”

“मोकळा.”

सोराइदाने सुरी खाली ठेवली. बत्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा कुठलाही अवयव मोकळा असल्याची बातमी तिच्यापर्यंत आलेली नव्हती. त्यात रविवारी गल्लीची पोयादा. आधी घरोघर तिकिटं खपवायची आणि ठरल्या दिवशी रस्त्यावर शेगड्या मांडून प्रत्येक तिकिटामागे मसाल्यात मुरलेल्या कोंबडीचा भाजलेला तुकडा, उकडलेला बटाटा आणि मूठभर सॅलड द्यायचं, असा तो सोहळा. यंदा तो सामुदायिक स्वयंपाकघराच्या छपरासाठी होता आणि सगळी सूत्रं सोराइदाकडे होती. लिमाच्या उत्तरेकडच्या त्या टेकडीवर तिकिटं खपवणारे पुष्कळ होते. कांदा चिरायची वेळ आली की मात्र ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे येत.

“घे मग,” ती म्हणाली. “पण तो मोकळा हात मला दिसला पाहिजे, म्हाताऱ्या.”

एलेओदोरो काही म्हातारा नव्हता, सत्तावन्नचा होता. नोटरीच्या कचेरीत तीस वर्षं टंकलेखन करून तो घरी बसला, आणि एक दिवस कसलासा अर्ज छापून आणायला कोपऱ्यावरच्या काबिनात गेला. तिथे तासावर संगणक मिळत. अर्ज अजून छापायचा राहिलाय. तिथली पोरं पाच विरुद्ध पाच असा एक खेळ खेळत. दोन गढ्या, मध्ये तीन वाटा, वाटांवरून चालत येणारे टिल्ले सैनिक. आपापला वीर घेऊन निघायचं आणि समोरच्यांची गढी पाडायची. माऊसने वीर चालवायचा, बटणांनी त्याच्या विद्या वापरायच्या. एलेओदोरोची बोटं टंकलेखकाची, बटणांवर अशी पडत की महिन्याभरात तो संघात आला. नोकरीत तीस वर्षांत त्याला कुणी शाबास म्हटलं नव्हतं. इथे रोज दोनदा म्हणत.

अडचण कोपराची होती. एलेओदोरो डावखुरा. माऊस डाव्या हातात, बटणं उजव्याखाली. काबिनाच्या मालकाने सहा संगणकांच्या जागेत बारा बसवले होते, त्यामुळे लांबलचक कीबोर्ड मांडला की माऊस डावीकडे ढकलला जाई, आणि डावीकडे संघाचा कप्तान झोर्दान बसे. तो दिवसा तीनचाकी मोटोटॅक्सी चालवायचा, त्यामुळे धक्के खायची त्याला सवय होती. तरी सहनशक्तीला सीमा असते.

“काका,” तो म्हणाला, “माणूस म्हणून तुम्ही सोन्यासारखे. कोपर मात्र विरुद्ध पार्टीचं आहे.”

“जागाच नाही, त्याला मी काय करू?”

“रविवारी वरच्या टेकडीवाल्यांशी फायनल. कोपर आवरलंत तर खुर्ची तुमची. नाहीतर माझा मेव्हणा तयार आहे.”

“तुझा मेव्हणा? परवा तो आपल्याच गढीच्या भिंतीला धडका देत होता.”

“हो. पण मला नाही दिल्या.”

मेव्हण्याची खुर्ची म्हणजे आपण पुन्हा घरी, खिडकीशी, इस्त्रीच्या कपड्यांसारखे घडी होऊन. एलेओदोरो दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून शहरात गेला.

दुकानातल्या बाईने विचारलं, “लाल, तपकिरी की निळा?”

“काळा चालेल.”

“बाहेरचा रंग नाही हो. बटणाखालचा खटका. लाल गुपचूप असतो, तपकिरी तुमच्या बोटाला कळवतो, निळा सगळ्या घराला कळवतो.”

एलेओदोरोने निळं बटण दाबलं. टक्. नोटरीच्या कचेरीतली सकाळ, शाईची फीत, खरेदीखताची पहिली ओळ, सगळं एका टक्मध्ये परत आलं. न वाजणाऱ्या बटणावर माणसाने विश्वास तरी कसा ठेवावा?

“निळा द्या.”

“हा डाव्या हाताचा आहे. चालेल ना?”

आता हा प्रश्न कुणाला विचारावा, याला काही धरबंध आहे की नाही? लहानपणी शाळेत एलेओदोरोचा डावा हात बाकाला बांधून ठेवत. पुढे कात्री उजव्यांची, डबा फोडायचं यंत्र उजव्यांचं, कचेरीतल्या टेबलाचे खण उजवीकडे. उजव्यांच्या या जगात एका कारखान्याला सत्तावन्न वर्षांनी का होईना उपरती झाली होती.

“चालेल ना काय विचारता, सेन्योरा. मी जन्माचा डावखुरा.”

“डावखुरे? मग माऊस...”

“माऊस आहे घरी,” एलेओदोरो म्हणाला आणि खोका उचलला.

घरी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कचेरीने निरोपाला दिलेला जुना संगणक मांडला. अर्ध्या कीबोर्डवर डावा हात ठेवला. हात असा चपखल बसला, अंगठ्याला वेगळं बटण, मनगटाला गादी, की त्याने डोळे मिटले. मग सवयीने तोच हात माऊसकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला. कीबोर्डलाही तोच हवा होता, माऊसलाही तोच.

एलेओदोरो बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. मग त्याने कीबोर्ड उलटा फिरवून उजव्या हाताखाली घेतला; तेव्हा मनगटाची गादी बोटांखाली आली आणि अंगठ्याचं बटण करंगळीच्या पलीकडे गेलं. हातांची कैची करून पाहिली. तेव्हा स्वतःचंच कोपर स्वतःच्या बरगडीत बसलं आणि झोर्दानच्या तक्रारीत तथ्य असल्याचं त्याला प्रथमच पटलं. शेवटी त्याने उजव्या हातात माऊस धरला. पडद्यावरचा वीर झाडाला जाऊन धडकला आणि तिथेच चालत राहिला.

तेवढ्यात सोराइदा आत आली. डावा हात टक्टक् वाजतोय आणि उजवा माऊसशेजारी निपचित पडलाय, हे तिने पाहिलं.

“खरंच मोकळा आहे की रे,” ती म्हणाली, आणि त्या हातापुढे तिने वाटाण्याच्या शेंगांची टोपली ठेवली.

कीबोर्ड परत करायचा तर दुकानातल्या बाईला कारण सांगावं लागलं असतं. ते चाललं असतं. बायकोलाही सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा वाटाणे सोपे. एका हाताने शेंग सोलायला अंगठ्याने शिवण दाबायची, हे बुधवारी जमलं. गुरुवारी त्या हाताने मिरचीचा मसाला ढवळला. शुक्रवारी कोंबडीला चोळला. संध्याकाळी सोराइदा शेजारी बसून चाललेला खेळ पाही आणि शेरे मारी.

“त्या टिल्ल्या सैनिकाला एवढ्यात का मारलंस?”

“शेवटचा घाव ज्याचा, त्यालाच बक्षीस मिळतं.”

“मग शेवटचाच घाल ना. आधीचे कशाला वाया घालवतोस?”

“ते कळावं लागतं, सोराइदा.”

“यात काय कळायचंय? बाजारात मी मासे घेते का उघडल्या उघडल्या? आधी बाकीच्यांना घासाघीस करू द्यायची. मासेवाली थकली की आपण जायचं आणि एकच आकडा सांगायचा.”

एलेओदोरो हसला. बाईमाणसाला खेळातलं काय कळतंय, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्याचा वीर झाडाला धडकत होता.

रविवारी काबिनाच्या दारातच पोयादा मांडली होती. शेगड्यांचा धूर, कर्ण्यावर कुंबियाची नाचरी गाणी, तिकिटं हातात धरून अर्धी टेकडी रांगेत. आत वरच्या टेकडीवाल्यांचे पाच आणि आपले पाच. झोर्दानने एलेओदोरोचा अर्धा कीबोर्ड पाहिला, डावीकडे पसरलेली मोकळी जागा पाहिली आणि आपलं कोपर सुखाने टेकवलं.

“काका, शब्दाला जागलात.”

खेळ सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत एलेओदोरोचा वीर चारदा मेला. त्यातही दोनदा समोर कुणी नसताना. विद्या सगळ्या वेळेवर सुटत होत्या, टक्टक्टक्, पण ज्या दिशेला सुटत होत्या तिकडे शत्रू नव्हता.

“काका, तुम्ही बरे आहात ना?” झोर्दानने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

“हात जरा नवा आहे.”

“मेव्हण्याला बोलावू?”

एलेओदोरोच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला हात नव्हता. तेवढ्यात धुरातून सोराइदा आत आली. अंगावर ॲप्रन, हातात चिमटा.

“कोंबड्या उलटायला माणूस नाही. तुझा तो हात दे.”

“आत्ता नको.”

“मग तो करतोय काय?” तिने वाकून पाहिलं. उजवा हात माऊसला बुडत्याने फळी धरावी तसा चिकटला होता. “हा मोकळा आहे ना?”

“सोराइदा, हा खेळ दोन्ही हातांनी खेळतात.”

सोराइदाने चिमटा एकदा उघडला आणि मिटला.

“आणि आठवडाभर?”

“आठवडाभर मी नुसती बटणं दाबली. वाटाणे सोलले.”

“काका, भांडण नंतर,” झोर्दान कळवळून म्हणाला. “ते गढीपाशी आलेत.”

सोराइदाने नवऱ्याचं मनगट धरलं, त्याचा हात माऊसवरून उचलला आणि त्यात चिमटा ठेवला. मग माऊस स्वतः धरला. “त्या टिल्ल्यांना मारायचंय ना?”

“हो, पण—”

“गप्प बस. थकू दे त्यांना.”

ती थांबली. झोर्दान ओरडत होता, ती थांबली होती. मग एक टिचकी, एक घाव. पुन्हा थांबली. पुन्हा एक. पाच मिनिटांत तिच्या नावावर इतकी बक्षिसं जमा झाली की वरच्या टेकडीवाल्यांपैकी एकाने मान वळवून पाहिलं. डाव्या हाताने एलेओदोरो विद्या सोडत होता, उजव्या हाताने ती वीर चालवत होती. खुर्ची एक, माणसं दोन.

“सरक जरा,” ती म्हणाली. “नीट बसू दे.”

तो सरकला, म्हणजे उठलाच. ती बसली आणि तिचा डावा हात आपोआप कीबोर्डवर पडला. अंगठा अंगठ्याच्या बटणावर, मनगट गादीवर. उजव्या हातात माऊस. एलेओदोरोने ते पाहिलं, आणि दुकानातली बाई काय सांगायला निघाली होती, हे त्याला सावकाश कळत गेलं. हा कीबोर्ड डाव्या हाताचा होता खरा, पण डावखुऱ्यांचा नव्हता. तोही उजव्यांचाच होता.

“आता तिसरं बटण,” तो तिच्या कानाशी म्हणाला. “आणि मग—”

“दिसतंय मला. कोंबडी करपतेय, ती बघ.”

तो बाहेर गेला. चिमटा डाव्या हातात घेतला, आणि काय आश्चर्य, चिमटा तक्रार न करता चालला. चिमटा बनवणाऱ्याने शाळेत कुणाचा हात बांधलेला दिसत नव्हता. एलेओदोरोने एकेक तुकडा उलटला, मसाल्याचा हात फिरवला, रांगेतल्यांना ताटं दिली. आतून टक्टक् ऐकू येत होतं, नोटरीच्या कचेरीत खरेदीखत रंगात आल्यावर यायचं तसं. मग एकदम गलका झाला. गढी पडली होती, वरच्या टेकडीवाल्यांची.

झोर्दान बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते. धूर होता, पण तेवढा नव्हता.

“काका,” तो म्हणाला, आणि कोंबडीचा तुकडा उचलत जरा अडखळला. “पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे.”

एलेओदोरोचा चिमटा हवेत थांबला. “मग?”

“नाही, म्हणजे... सेन्योरा त्या शनिवारी मोकळ्या असतील का?”

एलेओदोरोने तुकडा उलटला. मग दुसरा उलटला. “तिलाच विचार,” तो म्हणाला. “आणि तिला सांग, बटाटे मी बघतो.” झोर्दान आत जायला वळला, तसा त्याने मागून आवाज दिला. “त्या खुर्चीवर मेव्हणा तर नाही ना बसणार?”

“नाव काढू नका, काका.”

“मग ठीक.”

सोमवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोराइदा सरावाला बसली. शेजारी एलेओदोरो वाटाण्याची टोपली घेऊन होता, आणि शेंगा आता कितीतरी भरभर सोलल्या जात होत्या. मधूनच तो पडद्याकडे मान वळवून एखादा शेरा मारी, आणि ती हसे.

“म्हाताऱ्या,” नजर न हलवता ती म्हणाली, “चुलीवरचा भातही बघशील का? हात मोकळा आहे ना?”

“दोन्ही,” एलेओदोरो म्हणाला आणि उठला.