छत्तीस दातांची समानता

काम करण्याआधी कामाची तयारी करावी लागते, आणि तयारी मनापासून केली तर पुढे कामाची गरज उरत नाही.

मदन महल भागातल्या एका कॉलनीत हे तत्त्व संपूर्णपणे पाळणारे एकटेच बापू ढोमणे. चौतीस वर्षं कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी केलेलं नापास करायचं एवढंच काम, आणि ते त्यांनी चोख केलं. वादळात कडुलिंबाची मोठी फांदी कॉलनीच्या फाटकात आडवी पडली, तेव्हा कॉलनीची चेनसॉ, म्हणजे झाड कापायची मशीन, साहजिकच त्यांच्या ताब्यात आली. मशीन चालू होती. साखळी तेवढी बोथट होती.

"रिछाईच्या वर्कशॉपात नेऊन द्या ना," शैलजाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अर्ध्या तासात धार लावून देतात."

"काहून नेऊ? तिथं अंदाजानं घासून राहिले लोक. आपण घरीच ग्राइंडर बसवू."

ग्राइंडर दोन दिवसांत आला. (बसायला अकरा दिवस लागले.) आधी टेबल हललं. मग टेबलाखालची फरशी उतरती निघाली, म्हणून फरशी बदलली. मग ग्राइंडरचं चाक तडकलेलं नाही ना, हे लाकडाच्या दांड्यानं ठोकून कान लावून ऐकलं; शंका नको म्हणून शैलजाबाईंनाही ऐकवलं. तीस अंशाचा कोन लावण्यात तीन दिवस गेले, त्यातला एक कोनमापक बरोबर आहे का ते तपासण्यात. एवढे दिवस कॉलनीतली माणसं फांदीखालून वाकून ये-जा करत होती. शैलजाबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्या एकदाच वाकल्या, सदर बाजारातून औषध आणायला. (गुडघ्यांचंच.)

बाराव्या दिवशी धार सुरू झाली. नियम असा, की साखळीचे सगळे दात सर्वांत आखूड दाताएवढे करायचे, नाहीतर मशीन एका बाजूला ओढते. आखूड दात सापडला. उरलेले पस्तीस त्याच्या मापाला आणले. मोजलं, तर आता सतरावा केसभर आखूड. मग त्याच्या मापाला पस्तीस. मग नववा. निवृत्तीनंतर इतकं सुख बापूंना प्रथमच लाभत होतं. चौथ्या दिवशी त्यांनी वहीत नोंद केली: दात छत्तीस, तफावत शून्य. तफावत खरोखरच नव्हती. दातही नव्हते.

"काकू, काकांचं चालू द्या," खालच्या मजल्यावरची विनता म्हणाली. "माझ्याकडे आरी आहे. चलो."

आरीचं एक टोक विनतानं धरलं, दुसरं शैलजाबाईंनी. पाऊण तासात फाटक मोकळं झालं. बापू मोजपट्टी घेऊन खाली आले आणि मोकळ्या रस्त्याकडे बघत उभे राहिले. मग ओंडक्याकडे लक्ष गेलं आणि जरा बरं वाटलं. काप काटकोनात नव्हता.

रविवारी कॉलनीची सभा भरली. ग्राइंडर बसवल्याबद्दल बापूंना शाल मिळाली. विनापरवानगी फांदी कापल्याबद्दल विनताला ताकीद द्यावी, असा ठराव आला. (शैलजाबाईंचं नाव शालीचा मान राखून वगळलं.) एकेक हात वर होत गेला, वाकून वाकून ज्यांची कंबर धरली होती, त्यांचाही. बापूंनी हात सर्वांत शेवटी वर केला, तोही बायकोची नजर चुकवून.

तुम्ही तिथे असता तर हात खालीच ठेवला असता, यात शंका नाही. ज्या बावीस जणांनी वर केला, त्यांनाही घरून निघताना हीच खात्री होती.