मुख्य सर्व्हरपुढची चौकट

सुरक्षितता मुळात कागदावर असावी लागते. तिथे नसेल तर इतरत्र असून उपयोग नसतो. कर्वेनगरातल्या एका महाविद्यालयाने हे वेळीच ओळखलं, याबद्दल त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

महाविद्यालयात एक मुख्य सर्व्हर होता. त्याच्या पोटात अकरा आभासी सर्व्हर गुण्यागोविंदाने नांदत (प्राध्यापकांना हे अद्याप जमलेलं नाही). प्रत्येक आभासी सर्व्हर म्हणजे मुख्य सर्व्हरवरची एकेक भलीमोठी फाइल, आणि प्रत्येकाच्या आत स्वतःचा अँटिव्हायरस. हा संसार चैताली सांभाळायची, कंत्राटावर. ‘यंदाचे प्रवेश सुरळीत पार पडले की कायम करू,’ असं तिला सहा वर्षं सांगण्यात येत होतं.

यंदा सुरक्षा-तपासणीच्या फॉर्मात प्रश्न आला : ‘मुख्य सर्व्हरवर अँटिव्हायरस आहे काय? होय / नाही.’ चैतालीने लिहिलं, ‘नाही. कारणं सोबत जोडली आहेत.’ कारणांना फॉर्मात जागा नव्हती.

“अहो मॅडम, घराला कुलूप नको म्हणता?” प्राचार्य जोगळेकर म्हणाले.

“सर, प्रत्येक खोलीला कुलूप आहे. बाहेर पहारेकरी बसवला तर त्याला खोली आणि झुरळ वेगळं करता येत नाही. झुरळ सापडलं तर तो अख्खी खोली उचलून नेईल. निदान या अकरा फाइलींना हात लावू नकोस, एवढं तरी त्याला सांगू द्या.”

“म्हणजे पहारेकरी ठेवायचा आणि डोळे मिटून बस म्हणायचं? आपण ‘होय’ लिहा.”

अँटिव्हायरस बसला. प्रवेशयादीच्या सकाळीच त्याला एका अर्जाच्या फोटोत विषाणू सापडला. त्याने कर्तव्यदक्षतेने प्रवेशाचा अख्खा सर्व्हर, ४,१३७ अर्जांसकट, कैदेत टाकला. सोडवायला एक टिचकी पुरे होती. पण पडद्यावर प्रश्न आला, ‘धोकादायक फाइल मोकळी करायची?’ प्रवेश समितीने एकमताने ‘नाही’ ठरवलं (दोन सदस्य चहाला गेले होते, त्यांचंही एकमत धरण्यात आलं).

तपासणीचा अहवाल उत्कृष्ट आला. विषाणू : शून्य. प्रवेश : शून्य. सुरक्षितता : शंभर टक्के. प्रवेश सुरळीत पार न पडल्याने चैतालीची नेमणूक पुढच्या वर्षावर गेली.

तिला रडू आलं नाही, भयंकर चीड आली. त्या भरात तिने अर्जांचा, यादीच्या आदल्या दिवशी छापलेला गोषवारा काढला. अर्जातही एक प्रश्न होता : ‘जोडलेला फोटो विषाणूमुक्त असल्याची खात्री केली आहे काय?’ होय : ४,१३७. नाही : शून्य.

फाटकाबाहेर पालक तिच्या निष्काळजीपणाचा निषेध करताहेत. त्यात तुम्हीही आहात, आणि तुमचा आवाज सगळ्यांत मोठा आहे. घोषणा चालू द्या. फक्त ती खात्री तुम्ही नेमकी कशी केली होतीत, तेवढं तिला सांगून जा.