ओढ्यापलीकडचे नऊ सागरगोटे

एका जंगलात, मुलांनो, मधोमध एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडे सशांची बिळं होती आणि पलीकडेही सशांचीच बिळं होती. जंगल कुठलं, ते विचारायचं नाही. नाव सांगितलं तर तिथले प्राणी माझ्या घरी येतील.

या जंगलात सशांची पिल्लं फार अशक्त जन्मायची. दहातली तीन-चार तर कान उभे राहायच्या आतच जायची. राजा सिंह त्याबद्दल दरवर्षी दुःख व्यक्त करायचा. दुःख व्यक्त करायला एक उंच खडक राखून ठेवला होता. सिंह त्यावर चढायचा, दुःख व्यक्त करायचा आणि उतरून जेवायला जायचा.

अलीकडच्या काठावर काटेमावशी नावाची एक साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. दिवसभर मुळं उकरायची हा तिचा उद्योग. एकदा तिने शेजारच्या बाळंतीण सशिणीला शतावरीची मुळं नेऊन दिली आणि काटे मिटून तिथेच बसली. पिल्लाला सकाळच्या उन्हात कसं निजवायचं ते दाखवलं. पिल्लाशी काहीबाही बोलली. आईला रडायचं होतं, तिला रडू दिलं. पुढच्या आठवड्यात परत गेली. असं करता करता तिची बारा बिळं झाली, आणि त्या साली बाराच्या बारा पिल्लं उड्या मारू लागली.

ही बातमी दरबारात पोचली. दरबारात पिसारेबुवा नावाचे एक मोर होते. जंगलाची प्रगती झाली की पिसारा फुलवायचा, हे त्यांचं काम. प्रगती झाली नाही तरी ते फुलवायचे, कारण सवय होती.

"यश आहे महाराज, यश," पिसारेबुवा म्हणाले. "उद्यापासून सगळ्या जंगलात सुरू करू. सिंहछाया योजना, असं नावही काढून ठेवलंय."

सिंहाने काटेमावशीला बोलावून घेतलं. "काय गं, तुझ्यामुळे जगली म्हणे पिल्लं?"

इथे एखादा शहाणा प्राणी 'होय महाराज' म्हणाला असता आणि आपण सगळे आत्ता घरी गेलो असतो. पण काटेमावशी पडली प्रामाणिक.

"वाटतं तसं खरं," ती म्हणाली. "पण बारा बिळं म्हणजे काही जंगल नव्हे. यंदा गवतही बरं होतं. मी गेले नसते तरी कदाचित जगली असती. नीट बघायला हवं महाराज. दोन महिने मी फक्त अलीकडे जाते, पलीकडे जात नाही. मग दोन्हीकडची पिल्लं तोलू. फरक दिसला तर सगळीकडे जाऊ."

"आणि नाही दिसला तर?"

"तर मी आपली मुळं उकरायला मोकळी."

दरबार गोंधळला. ज्यात आपण नापास होऊ शकतो अशी परीक्षा स्वतःहून मागणारं कुणी तिथे याआधी आलंच नव्हतं. पण सिंहाला जेवायला उशीर होत होता, म्हणून त्याने होकार दिला.

दोन महिने मावशी ठरल्याप्रमाणे अलीकडेच फिरली. ओढ्याकाठी आली की पलीकडे बघायची आणि तिला फार वाईट वाटायचं. पण शब्द दिला होता.

तोलायचं काम कासवअण्णांकडे आलं. अण्णांइतकं चोख जंगलात कुणी नव्हतं. त्यांनी करंजाच्या फांदीला दोन द्रोण टांगून तराजू केला. वजनं म्हणून सागरगोटे घेतले. बाळंतिणीच्या बिळात गेलं की ते मान खाली घालून बसायचे आणि पिल्लाकडे निरखून बघायचे नाहीत, कारण ते बरं दिसत नाही. बघायचे फक्त तराजूकडे.

आता या जंगलात एक समजूत होती. पिल्लाला तोललं की दृष्ट लागते.

पलीकडच्या काठावर शेवंता नावाची सशीण होती. तिची आधीची दोन पिल्लं गेली होती. तिसरं इतकं इवलंसं होतं की त्याला नाव ठेवायचीही तिला भीती वाटायची. नुसतं 'हे' म्हणायची. तराजू येतोय असं कळल्यावर तिने ओढ्यातला एक काळा दगड आणला, वेलीने 'ह्या'च्या पोटाला बांधला आणि वरून केस सारखे केले. काळा दगड दृष्ट ओढून घेतो. तिने हे शेजारणीला सांगितलं आणि शेजारणीने पुढे सगळ्या काठाला. दगडाला वजनही असतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. दृष्टीसाठी बांधलेल्या वस्तूचं वजन कोण धरतं?

अलीकडच्या आयांनीही दगड आणले होते. पण काटेमावशी म्हणाली, "तोलल्याने काही होत नाही गं. मी बसते ना जवळ." त्यांनी दगड टाकून दिले.

कासवअण्णांनी दरबारात हिशेब वाचला. अलीकडची पिल्लं सरासरी सात सागरगोटे. पलीकडची नऊ.

पिसारेबुवा आत्तापर्यंत काटेमावशीच्या शेजारी उभे होते. ते चार पावलं सरकले.

"असं कसं होईल?" मावशी म्हणाली. "मला एकदा पलीकडे जाऊ द्या."

ती गेली आणि संध्याकाळच्या आत परत आली. येताना तोंडात शेवंताच्या पिल्लाचा काळा दगड होता, तो तिने सिंहापुढे ठेवला.

"महाराज, पलीकडे सगळ्यांनी असे बांधलेत. हा एकटाच चार सागरगोटे भरतो. दगड सोडून तोला. शेवंताचं पिल्लू पाचच भरतंय. ते फार दिवस काढणार नाही."

पिसारेबुवांचे डोळे चमकले. "म्हणजे ज्यांना दगड बांधला, ती जास्त भरली?"

"अहो, ते दगडामुळे..."

"ऐकलंत महाराज? दगडामुळे. ती स्वतःच कबूल करतेय."

सिंह सावरून बसला. "हा दगड मिळतो कुठे?"

"ओढ्यात, हवा तेवढा," पिसारेबुवा म्हणाले. "मुळं मात्र उकरावी लागतात. शिवाय एकेका बिळात तासतास बसावं लागतं."

"अण्णा, तुम्ही तरी सांगा," मावशी काकुळतीला येऊन म्हणाली.

"मी आकडे लिहितो, मावशी," कासवअण्णा म्हणाले. "आकड्यांच्या आत डोकावत नाही."

दुसऱ्या दिवशी सिंहछाया शिळा योजना सुरू झाली. जंगलातल्या प्रत्येक पिल्लाला एक दगड, आणि दगडावर सिंहाचा पंजा. अलीकडच्या पिल्लांची वजनं एका दिवसात चार सागरगोट्यांनी वाढली. सिंह त्याच खडकावर चढला आणि या वेळी त्याने आनंद व्यक्त केला.

शेवंताच्या पिल्लाला मावशीने नेलेल्या दगडाच्या जागी नवा, पंजाचा दगड मिळाला. तो बांधल्यावर पिल्लाला मानही उचलता येईना. शेवंता त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने त्याला तोंडात धरलं आणि ओढ्यात शिरली. मध्यावर पाणी खोल होतं. दगड पिल्लाला खाली खेचू लागला, तसा तिने वेल दातांनी तोडली.

ती भिजलेली मावशीच्या दारात आली. "दगड सोडला मावशी. आता तुम्हीच बघा."

"मला खात्री नाही गं," मावशी म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

"मला तरी कुठे आहे? पण दगड नुसता बसतो. तुम्ही बसून बोलता तरी."

मावशीने मुळं उकरली. शेवंताला दूध आलं. महिन्याभरात 'हे' आठ सागरगोट्यांवर आलं, आणि शेवंताने भीत भीत त्याचं नाव ठेवलं, टुणक्या.

कासवअण्णा तराजू घेऊन आले तेव्हा टुणक्या तीनदा द्रोणातून उडी मारून पळाला. तीनदा धरून आणावा लागला. अण्णांनी चोख नोंद केली. आधी नऊ, आता आठ. घट एक. शेरा : पिल्लू स्थिर राहत नाही.

पलीकडची पिल्लं मात्र मुळीच हलत नाहीत. ती तोलायला फार सोपी जातात, असंही अण्णांनी लिहिलं.

नोंद वाचून पिसारेबुवांनी हुकूम काढला. साळूच्या हाती पिल्लं खंगतात, सबब तिने कोणत्याही बाळंतिणीच्या बिळात पाऊल टाकू नये. बाळंतिणींनी साळूच्या बिळात जाऊ नये, असं लिहायला मात्र ते विसरले. सध्या मावशीच्या बिळात बसायला जागा नाही, आणि दाराबाहेर पंजा उमटवलेल्या काळ्या दगडांचा मोठा ढीग पडला आहे.

तात्पर्य : मुलांनो, आपल्या कामाचा खरंच उपयोग होतो का, हे कधीही तपासायला सांगू नये. अगदीच तपासावं लागलं तर पिल्लाच्या भानगडीत न पडता दगड तोलावा. तो दरवेळी तेवढाच भरतो आणि मध्येच उडी मारून पळत नाही.